उरले नाही ते दाखवताना

इटारसी सुटली की मुंबईहून येणारी गाडी नर्मदेच्या खोऱ्यातून धावते. पिपरिया, गाडरवारा, नरसिंहपूर ही स्टेशने रात्री उशिरा येतात. बाहेर मिट्ट काळोख आणि डब्यात दिवा असला की खिडकीच्या काचेत प्रवाशाला स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि त्या चेहऱ्यातून आरपार सागाची झाडे पळत जातात. चेहरा काचेवर नसतो, काचेच्या पलीकडे अंधारात तरंगत असतो. या रस्त्याने जबलपूरला जाणाऱ्याने तो लक्षात ठेवावा. गावात पोचल्यावर त्याची पुन्हा गाठ पडणार असते.

या रुळांचेही जबलपूरशी जुने नाते आहे. मुंबईहून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे १८७० च्या मार्चमध्ये याच गावी एकमेकींना भेटल्या आणि देशाचे दोन किनारे लोखंडाने जोडले गेले. नागपूरकर मात्र रस्त्याने येतात, पेंचचे जंगल आणि सिवनी ओलांडून.

स्टेशनापासून जवळच मालगोदाम चौक आहे. तिथे पितापुत्रांचे पुतळे आहेत: राजा शंकर शाह आणि कुंवर रघुनाथ शाह. गढा-मंडलाच्या गोंड राजघराण्याचे हे वंशज. १८ सप्टेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी दोघांना तोफेच्या तोंडी बांधून उडवले. त्यांना चार दिवस ज्या इमारतीत कोंडून ठेवले होते, त्या इमारतीत आज त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मदतीने जुन्या पद्धतीने डागडुजी करून ती वास्तू पुन्हा उभी केली, त्यासाठी सुमारे १४ कोटी रुपये खर्च झाला, आणि १५ नोव्हेंबर २०२४ ला, बिरसा मुंडा यांच्या जयंतीला, पंतप्रधानांनी बिहारमधील जमुईहून तिचे उद्घाटन केले. छिंदवाड्याच्या बादल भोई संग्रहालयाचेही उद्घाटन त्याच दिवशी झाले.

आत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. इतिहासाच्या संग्रहालयात माणूस ज्या अपेक्षेने जातो, ती तलवार, तो अंगरखा, ती पगडी, यांवर या संग्रहालयाची भिस्त नाही. एका दालनात गोंड संस्कृती आहे. एक दालन म्हणजे शंकर शाहांचा दरबार, तिथे कथा चित्रफितीतून उलगडते. पुढे राजा आणि कुंवर गेल्यानंतर राण्यांनी चालवलेला लढा आणि इंग्रजांच्या ५२ व्या पलटणीचे बंड येते. शेवटी ज्याला सगळे होलोग्राम म्हणतात ते आहे: अंधारात प्रकाशाने उभे राहिलेले दोन देह.

एवढा प्रकाश आणि एवढा आवाज कशाला, असे एखाद्या जुन्या वळणाच्या माणसाला वाटेल. पण तोफेच्या तोंडी देण्यामागे हेतूच हा होता की मागे काही उरू नये. समाधीला देह नको, आठवणीला जागा नको. परंपरा सांगते की शंकर शाहांच्या राणी फूलकुंवर यांनी विखुरलेले अवशेष गोळा केले आणि मग त्या स्वतः लढायला निघाल्या. ज्या मृत्यूची रचनाच खूण पुसण्यासाठी केलेली होती, त्याचे संग्रहालय काचेच्या कपाटांनी भरणार तरी कशाने? इथे प्रकाश ही सजावट नाही. न उरलेल्या वस्तूच्या जागी तो उभा आहे, आणि तिथे उभे राहिल्यावर घसा दाटतो तो त्यामुळेच.

आता तो रेल्वेच्या खिडकीतला चेहरा. संग्रहालयांत आणि मंचावर होलोग्राम या नावाने जे दाखवतात, ते बहुधा शास्त्राच्या भाषेत होलोग्राम नसते. खरा होलोग्राम डेनिस गाबोर यांनी १९४०च्या दशकात शोधला आणि त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल मिळाले. त्यात वस्तूवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींची नोंद होते. संग्रहालयातली युक्ती त्याहून जुनी आहे. १८६२ च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेवरून रंगमंचावर भूत आणले. प्रेक्षकांसमोर तिरपी मोठी काच, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात प्रखर दिव्याखाली नट, आणि त्याचे प्रतिबिंब मंचावर तरंगणारे. तत्त्व रात्रीच्या गाडीच्या खिडकीचेच. आज काचेऐवजी पातळ पारदर्शक पडदा ताणतात आणि नटाऐवजी चित्रफीत टाकतात. दुसरा प्रकार गरगरणाऱ्या पात्यांचा: पात्यांवर बारीक एलईडी दिवे असतात, पाती इतक्या वेगाने फिरतात की डोळ्याला पाती दिसत नाहीत, फक्त हवेत धरलेले चित्र दिसते.

युक्ती कळली म्हणून परिणाम कमी होत नाही. पण युक्ती कळलेला माणूस पुढचा प्रश्न विचारतो, आणि तो महत्त्वाचा आहे: हा चेहरा कोणी घडवला? त्याच्या तोंडचे शब्द कोणाचे?

याच प्रश्नाला दुसऱ्या एका संस्थेने वेगळे उत्तर दिले. अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशनने ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवल्या. पोलंडमध्ये जन्मलेले पिंकस गटर त्यांपैकी एक. त्यांना अनेक कॅमेऱ्यांच्या गोलात बसवून कित्येक दिवस शेकडो प्रश्न विचारले गेले. आता शाळकरी मूल त्यांच्या प्रतिमेसमोर उभे राहून विचारते, तुमची बहीण कशी होती? यंत्र प्रश्नातले शब्द ओळखते आणि गटर यांनी खरोखर दिलेल्या उत्तरांतून त्याला जुळणारे शोधून दाखवते. नवे वाक्य त्यांच्या तोंडी घातले जात नाही. हे बंधन फार मोलाचे आहे. १८५७ च्या माणसाची अशी मुलाखत कोणी घेतलेली नाही, म्हणून त्याच्या प्रतिमेला बोलायला लावताना जबाबदारी दुपटीने वाढते.

सुदैवाने शंकर शाहांच्या बाबतीत एक कागद आहे, आणि तोच या साऱ्या कथेचा कणा आहे. उठावाचा बेत आखला जात असल्याचा संशय येताच इंग्रज अधिकाऱ्यांनी फकिराच्या वेषात एक हेर राजाकडे पाठवला. १४ सप्टेंबरला घराला वेढा पडला. झडतीत एका रेशमी पिशवीत एक कागद सापडला: देवीला केलेली प्रार्थना, शत्रूचा नाश कर अशी विनवणी करणारी, सरकारी जाहीरनाम्याच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली. कमिशनर अर्स्किन यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले आणि तीच प्रार्थना राजद्रोहाचा पुरावा ठरली. सरकारचा हुकूम एका बाजूला, देवीचा धावा दुसऱ्या बाजूला. एवढे बोलके दृश्य कोणत्याही पटकथाकाराला सुचणार नाही.

संवादी तंत्राचे खरे काम इथे आहे. कागदाची प्रतिमा पडद्यावर असावी, बोटाने ती उलटता यावी, पुढे जाहीरनामा, मागे प्रार्थना. एका बाजूला लोकांच्या तोंडी असलेला पाठ, दुसऱ्या बाजूला अर्स्किनचे भाषांतर, आणि भाषांतरात काय बदलले ते पाहणाऱ्याने स्वतः ताडून घ्यावे. स्पर्शपडदा ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बोट टेकले की काचेखालच्या विद्युतक्षेत्रात फरक पडतो आणि यंत्राला जागा कळते, हे खिशातला फोनही दिवसभर करतो. नवल त्या बोटाखाली काय ठेवले आहे याचे असते. शिक्षेच्याच रात्री ५२ वी पलटण छावणी सोडून पाटणच्या दिशेने निघाली आणि लेफ्टनंट मॅकग्रेगरला तिने कैद केले, पुढे तो मारला गेला. त्या रात्रीचा नकाशा बोटाने सरकवत पाहता आला, तर शाळेच्या पुस्तकातले एक वाक्य चालत्या पावलांचे होईल.

मराठी माणसाला या इमारतीत आणखी एक गोष्ट आठवायला हवी, आणि ती कोणत्याही पडद्याची वाट न पाहता आठवायला हवी. गढा-मंडलाचे गोंड राज्य इंग्रजांनी बुडवले नाही. १७८१ मध्ये पेशव्यांच्या वतीने सागरला कारभार करणाऱ्या मराठ्यांनी ते खालसा केले. राजा नरहर शाह खुरईच्या किल्ल्यात कैद झाला आणि तिथेच वारला. १७९९ मध्ये मंडला नागपूरकर भोसल्यांकडे गेले. पुढे इंग्रज आले तेव्हा ज्या घराण्याला पेन्शन बांधून दिली, त्याचे राज्य आधीच गेलेले होते. याच घराण्यातल्या राणी दुर्गावतीच्या शौर्याने भारावलेला मराठी वाचक या पानाशी अडखळतो. अडखळावेच. इतिहासाच्या संग्रहालयात कालपट्टी नावाचा पडदा असतो, त्यावर बोट सरकवताना १५६४ वरून, जेव्हा दुर्गावती मोगल सैन्याशी लढताना पडली, एकदम १८५७ वर उडी मारणे सोपे असते. मधली जवळजवळ तीनशे वर्षे त्या उडीखाली जातात.

गोंडांशी महाराष्ट्राचे नाते तसे दूरचे नाही. चंद्रपूर आणि देवगड ही गोंडांचीच राज्ये. नागपूर वसवले ते देवगडच्या बख्त बुलंद शाहाने. शंकर शाहांनंतर तेराच महिन्यांनी, २१ ऑक्टोबर १८५८ ला, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यांना फाशी दिले. ज्या पिंपळाला त्यांना फाशी दिले तो तिथल्या तुरुंगात आहे, लोक तिथे हात जोडतात. चंद्रपूरला निदान झाड आहे. जबलपूरला तेही नाही.

२०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार लोक होते. संगणकाच्या दृष्टीने मात्र या भाषेची लिपी फार उशिरा जन्मली. बालाघाट भागातल्या मुन्शी मंगल सिंह मसराम यांनी १९१८ मध्ये बनवलेली लिपी युनिकोडमध्ये २०१७ साली आली, आणि आदिलाबादकडच्या गुंजाला गावच्या हस्तलिखितांतली लिपी २०१८ साली. म्हणजे पडद्यावर गोंडी अक्षरे उमटवण्याची तांत्रिक अडचण आता उरलेली नाही. गोंड राजाच्या संग्रहालयात मंडला-डिंडोरीहून आलेल्या आजीला कथा गोंडीत ऐकता यावी, यापेक्षा मोठी संवादी सोय दुसरी नाही.

तंत्राच्या बाबतीत महाराष्ट्रही मागे नाही. पुण्याच्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने संग्रहालयांतल्या वस्तूंच्या नोंदीसाठी संगणकप्रणाली तयार केली, तिचे नावच ‘जतन’. देशातल्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांचे संग्रह तिच्या आधारे लोकांना घरबसल्या पाहता येऊ लागले. पुण्याजवळ आंबेगावला बाबासाहेब पुरंदरे यांनी संकल्पिलेल्या शिवसृष्टीचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ ला खुला झाला, तिथे शिवकाल प्रकाश-ध्वनीतून उभा केला आहे. आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्येच संग्रहालय बसवून ते शाळा-गावांपर्यंत नेले; तिकीट काढून मुंबईला येऊ न शकणाऱ्या मुलांच्या हाती त्यामुळे टॅबलेटवरचा इतिहास आला. या तिन्हींत बसचा प्रयोग सर्वांत साधा, आणि मनाला सर्वांत भिडणारा. परदेशात क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयाने २०१३ मध्ये चाळीस फूट लांबीची स्पर्शभिंत उभारली, तिच्यावर संग्रहातल्या हजारो वस्तू तरंगतात, एखादीवर बोट ठेवले की ती कोणत्या दालनात आहे ते कळते आणि माणूस पडदा सोडून त्या वस्तूकडे चालू लागतो. पडद्याने आपल्यापासून दूर पाठवावे, ही कल्पना सुरेख आहे.

जबलपुरात दूर पाठवण्याजोगी ठिकाणे पुष्कळ आहेत. भंवरताल बागेजवळचे राणी दुर्गावती संग्रहालय हे जुन्या घडणीचे: कलचुरी राजघराण्याच्या काळातल्या शैव, वैष्णव, जैन मूर्ती, नाणी, ताम्रपट. इथे दिवा मंद करून कथा सांगायची गरज पडत नाही. दगड समोर आहे. पण दगडावर कोरलेले वाचता येत नाही, आणि इथे मराठी माणसाचा ऊर भरून यावा अशी गोष्ट आहे. कलचुरी-चेदी संवताचे अनेक लेख वाचून, तारखा लावून, भाषांतर करून त्यांचा मोठा संग्रह १९५५ मध्ये सिद्ध केला तो नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे आजचे तेवर, भेडाघाटच्या वाटेवरचे गाव. तिथे १९५० नंतरच्या दशकात सागर विद्यापीठातर्फे उत्खनन केले मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी. दोघांचे ग्रंथ वाचनालयाच्या कपाटात आहेत. मूर्तीशेजारच्या लहानशा पडद्यावर त्या लेखाची ओळ, तिचे देवनागरी रूप आणि मिराशींनी लावलेला अर्थ एवढे आले, तरी तो दगड बोलू लागेल. त्याला होलोग्राम लागत नाही. लागतो तो कोणीतरी बसून केलेला तपशिलाचा अभ्यास, आणि तो सत्तर वर्षांपूर्वीच झालेला आहे.

काही दगड तर गावातच नाहीत. कलचुरी राजा गयाकर्णाची राणी आल्हणदेवी हिने भेडाघाटला शिवमंदिर, मठ आणि अध्ययनशाळा बांधल्याचे सांगणारा ११५५ चा शिलालेख फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृत पंडिताने, तो सागर-नर्मदा प्रांतात शाळा खात्यात असताना, अमेरिकन ओरिएंटल सोसायटीला दिला आणि शिलालेख न्यू हेवनला गेला. विधवा राणीने मुलाच्या राज्यात बांधलेल्या शाळेचा दाखला समुद्रापार! फोटोग्रामेट्री नावाच्या पद्धतीत वस्तूची सर्व बाजूंनी शेकडो छायाचित्रे घेतात आणि संगणक त्यांतून तिचा त्रिमिती आकार बांधतो. तो आकार कितीही मैल दूर पाठवता येतो, आणि हवा तर मूळ मापात पुन्हा छापताही येतो. जबलपूरच्या या एका दगडासाठी तरी ती पद्धत वापरायला हवी.

हाडांचेही तसेच झाले. १८२८ मध्ये कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर प्रचंड आकाराच्या मणक्यांची अश्मभूत हाडे सापडली. आशियात डायनासोरची हाडे सापडल्याची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. डायनासोर हा शब्दच तेव्हा जन्मायचा होता. हाडे कलकत्त्याला गेली, १८७७ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ लिडेकर यांनी त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले, आणि मग ती दिसेनाशी झाली. त्यांतला एक मणका कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा ओळखू आला तो नागपूरचे धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी यांना. २०१३ मध्ये त्यांनी ते ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले. ज्या टेकडीने तो मणका दिला ती गन कॅरेज फॅक्टरीच्या अंगाला आजही उभी आहे.

दुपारी भेडाघाटला संगमरवराच्या कड्यांची होडीतली सफर झाली की, धुवाधार धबधब्याच्या तुषारांनी भिजलेला प्रवासी टेकडीच्या दगडी पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या मंदिरात येतो. गोल ओवरीत एकामागून एक देवी बसल्या आहेत. नाव चौसष्टांचे, मूर्ती त्याहून जास्त. बहुतेकींचे हात तुटले आहेत, चेहरे छिन्न झाले आहेत. मधल्या देवळात गौरीशंकर नंदीवर बसून निघालेले.

पण प्रत्येकीच्या बैठकीकडे वाकून पाहिले तर पट्टीवर अक्षरे दिसतात. हजार वर्षांपूर्वी कोरलेली, त्या त्या योगिनीची नावे. चेहरा ओळखू आला नाही तरी ही कोण हे सांगणारी सोय शिल्पींनी तेव्हाच करून ठेवली होती. १८७०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनी याच नावांवरून यादी बनवली. आता ही अक्षरे उन्हापावसाने आणि लाखो हातांनी झिजली आहेत, समोरून पाहिले तर नुसता ओरखडा दिसतो.

झिजलेले लेख वाचण्यासाठी अलीकडे एक पद्धत वापरतात. कॅमेरा हलवायचा नाही, दिवा मात्र वेगवेगळ्या कोनांतून धरून पन्नासेक छायाचित्रे घ्यायची. संगणक ती एकत्र करतो आणि मग पडद्यावर माउसने दिवा फिरवता येतो, जणू दगड समोर आहे. टॉम मालझबेंडर यांनी ही कल्पना २००१ मध्ये मांडली आणि पुराभिलेख अभ्यासणाऱ्यांनी ती उचलली. तिचे गमक इतकेच की प्रकाश आडवा आला की उथळ खाचेतही सावली पडते.

संध्याकाळी ओवरीत उजेड कमी होतो. एखादी मुलगी फोनचा दिवा लावून बैठकीशी बसते, समोरून धरते, काही दिसत नाही. मग शेजारचे कोणी सांगते, जरा आडवा धर, दगडाला लागून. ती हात खाली नेते. सावली पडते, आणि पट्टीवर आधी ‘श्री’ उठून दिसतो, मग पुढचे अक्षर, मग त्यापुढचे.